चौथ्या मजल्यावरचे चौदा दिवस

वॉशिंग मशीन दुरुस्त व्हायला पंधरा मिनिटं लागली. पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपात शर्टाचं बटण अडकलं होतं. मेकॅनिकने ते चिमट्याने काढलं, मशीन एकदा चालवून दाखवलं आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चार मजले उतरला. खाली येऊन बघतो तर फाटकाला आडवी पट्टी लावलेली आणि पलीकडे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या वेषातली एक बाई यादी घेऊन उभी.

"दुसऱ्या मजल्यावर कोरोनाचा पेशंट निघालाय. चौदा दिवस आत-बाहेर बंद."

"अहो ताई, मी इथला नाही. मशीन दुरुस्तीला आलोय."

"कितव्या मजल्यावर?"

"चौथ्या."

तिने लिहून घेतलं. "म्हणजे चौथ्या मजल्यावर तीन माणसं."

"तीन नाही हो, दोन. मी तर..."

"घरी कोण असतं तुमच्या?"

घरी बायको होती, आठ वर्षांची मुलगी होती. ते सांगता सांगताच आपण हा आजार घरी घेऊन जाऊ शकतो, हे त्याच्या ध्यानात आलं. बायकोला फोन केला, पुन्हा चार मजले चढला आणि आत्ताच "येतो" म्हणून निघालेल्या घराची बेल वाजवली. दार उघडल्यावर काय बोलायचं ते काही त्याला सुचलं नव्हतं.

बावीस वर्षं तो लोकांच्या घरांत शिरत होता, पण थेट मोरीपर्यंतच. गिऱ्हाइकाचा चेहरा तो आठवड्यात विसरायचा. मशीनची घरघर मात्र वर्षानुवर्षं लक्षात राहायची. आता मशीन ठणठणीत होतं आणि माणसं समोर होती. काका निवृत्त झालेले, जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेले. काकूंनी शाळेत गणित शिकवलेलं. दोघांनी फार चौकशी केली नाही. काकूंनी दिवाणावर धुतलेली चादर घातली, काकांनी आपले दोन पायजमे दिले. काका ताडमाड उंच, त्यामुळे मेकॅनिक पायजम्याला चार-चार घड्या घालून घरभर फिरू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "भाऊ, त्यांना सांगा, चहा झालाय."

काका तीन हातांवर बसले होते. मेकॅनिकला वाटलं, ऐकू कमी येत असेल. त्याने आवाज चढवला, "काका! चहा झालाय!"

"ओरडता कशाला? कान शाबूत आहेत माझे. विचारा, साखर किती घातलीय."

"काकू, साखर..."

"एकच चमचा, सांगा."

तो एकदा या तोंडाकडे, एकदा त्या तोंडाकडे बघत राहिला. दुपारपर्यंत त्याच्या ध्यानात आलं की हे दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत. मग तो येण्याआधी कसं चालायचं, हे काही केल्या कळेना. कारण घर तर तेल घातल्यासारखं चालत होतं. सातला काका भांडी घासायचे, काकू विसळून पालथी घालायच्या. खालून दोरीने वर ओढलेली दुधाची पाकिटं काका साबणाने धुवायचे, काकू पुसायच्या. जेवणानंतरची काकांची गोळी वाटीत तयार असायची. काकूंचा चष्मा काका रोज सकाळी पुसून ठेवायचे आणि काकू तो न बघताच उचलायच्या. भांडण म्हणावं तर हे काय? आणि भांडण नाही म्हणावं तर मधे आपण कशाला?

बायकोला त्याने फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग विचारा ना सरळ."

"कुणाला विचारू? एकाला विचारलं तर उत्तर दुसऱ्याला सांगायला लागेल!"

दिवस जात होते. त्याने घरातली गळकी तोटी, करकरणारी बिजागरी, सगळं दुरुस्त करून टाकलं. निरोप मात्र संपेनात. खिडकी लावा म्हणावं. पंखा कमी करा म्हणावं. एकदा तर काकांनी त्याच्याकरवी, "तिला सांगा, आज भाजी छान झालीय," असंही कळवलं. काकूंनी ऐकलं, पण उत्तर पाठवलं नाही.

नवव्या दिवशी काकूंना ताप भरला. त्या आपणहून आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. काका एकदम उभे राहिले.

"मिस्त्री, विचारा तिला, घसा दुखतोय का?"

त्याने दाराशी जाऊन विचारलं. आतून उत्तर आलं, "नाही म्हणावं."

"सांगा तिला, खोटं बोलू नकोस."

आईच्या वयाच्या बाईला हे कसं सांगायचं? मेकॅनिक घुटमळला. पण काकांचा चेहरा बघवेना, तेव्हा तो दाराला म्हणाला, "काकू, काका म्हणतायत... खोटं बोलू नकोस."

आत काकू हसल्या, खोकल्या, पुन्हा हसल्या. काका पुढे आले, दारावर तळवा टेकवून उभे राहिले. आता बोलतील, असं वाटून मेकॅनिक मागे सरला. पण काका नुसतेच उभे होते, बराच वेळ.

तीन दिवसांनी तपासणीचा निकाल आला. साधाच ताप होता. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्यांना सांगा, शर्टाच्या डाव्या बाहीचं बटण तुटलंय."

पंधराव्या दिवशी पट्टी निघाली. निघताना तो दोघांच्या पाया पडला. काकांनी खांद्यावर थोपटलं. जिना उतरताना आपण घरी चाललोय की कामावरून मधेच उठून चाललोय, हे त्याचं त्याला समजत नव्हतं.

घरीही त्याची गाडी रुळावर येईना. सकाळी सातलाच उठून भांडी घासायला बसला, तर बायकोने हातातली कढई काढून घेतली. "पण ते बोलत का नव्हते?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"चौदा दिवस एका घरात राहिलात आणि माहीत नाही?"

आठवडाभराने न राहवून त्याने फोन लावला. काकांनी उचलला. मशीन नीट चालतंय, तब्येती बऱ्या आहेत.

"काकूंना देता का जरा?"

पलीकडे पावलं वाजली. कुणी काही बोललेलं ऐकू आलं नाही. मग काकूंचा आवाज आला, "बोला भाऊ. हे म्हणाले, तुमचा फोन आहे."

"म्हणाले? काका स्वतः म्हणाले?"

"म्हणजे... फोन दिला हातात," त्या म्हणाल्या, आणि लगेच त्याच्या मुलीची शाळा कशी चाललीय ते विचारू लागल्या.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "काय झालं? बोलतात का आता?"

"कळलं नाही गं," तो म्हणाला.