हौद्याखालचा जोड

रोपवाल्या काकू खरेदीला आल्या की दुकानदार मनातल्या मनात हात जोडायचे. छत्री घ्यायची तर आधी ती नळाखाली धरून बघणार. चप्पल घ्यायची तर दुकानाची फरशी ओली करायला लावून तिच्यावर चार पावलं चालणार. त्यांचे यजमान शिंपी. ते गिऱ्हाइकांना हसत सांगायचे, "लग्नाआधी मला बघायला आली तेव्हा हिनं माझ्याकडून एक काज करून घेतलं, आणि ते उलटं करून मागची बाजू तपासली. मगच होकार दिला."

आमच्या कुंपणाला लागून त्यांची रोपवाटिका. हिरव्या जाळीखाली रोपांच्या रांगा, एका कोपऱ्यात खताचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात पांढरा पिकअप. गाडी चालवायला त्या शेहेचाळिसाव्या वर्षी शिकल्या. लोक आधी हसले. मग त्यांच्याच गाडीतून आपापल्या बागेसाठी माती मागवू लागले.

पिकअपच्या हौद्यात काळ्या प्लास्टिकचा एक जाडजूड लायनर होता, टबासारखा, हौद्याच्या मापाचा. गाडी घेतली त्याच आठवड्यात तो त्यांच्या थोरल्या भावानं बसवून दिला होता. दादा वेल्डर. त्याची शेड गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. "माझ्याकडून भेट समज," तो म्हणाला होता. तीन वर्षांत त्या टबाला तडा गेला. रोपांचं पाणी खाली झिरपून साचायचं, वास मारायचा, आणि वळणावर कुंड्या या टोकाकडून त्या टोकाला घसरत जायच्या. काकूंनी नवीन लायनर घ्यायचं ठरवलं.

यजमानांनी गळ्यातली टेप काढली. "हौद्याला अस्तर लावायचंय ना? आण इकडे, माप घेतो. बाह्या ठेवायच्या की बिनबाह्यांचं?"

दादाला मात्र हसू आलं नाही. फोनवर तो म्हणाला, "दुकानात कशाला जातेस चिमे? मी नवीन टब आणून त्याच्यावरच बसवतो. जुना काढायचीसुद्धा गरज नाही."

"टबावर टब? खाली पाणी साचून कुजतंय रे सगळं."

"मी बघतो म्हटलं ना."

काकूंना वाटलं, दादाचा जीव आपल्यावर आहे. खरंच होता. दर महिन्याला तो गाडी मागवून घ्यायचा, शेडमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर चढवायचा, स्वतः खाली उतरून तास तास बघायचा आणि ग्रीस लावून परत द्यायचा. इतका कामाचा माणूस आपल्यासाठी अख्खी सकाळ घालवतो, याचं काकूंना कौतुक होतं. त्याला आणखी त्रास नको म्हणून त्या एकट्याच लायनरच्या दुकानात गेल्या.

दुकानदार तरुण होता आणि बोलायला मोकळा. त्यानं तीन नमुने पुढे ठेवले. एक तोच प्लास्टिकचा टब. दुसरी रबराची जाड मॅट, नुसती अंथरायची. तिसरा फवाऱ्यानं मारायचा लेप, सुकल्यावर खरखरीत होणारा, पत्र्याला कायमचा चिकटणारा. काकूंनी पिशवीतून ओल्या मातीनं भरलेली कुंडी काढली. प्रत्येक नमुन्यावर ती ठेवून नमुना तिरका केला. प्लास्टिकवरून कुंडी सटकली, ती दुकानदारानं झेलली. रबरावर ती घट्ट बसली. लेपाच्या तुकड्यावरही हलली नाही. मग त्यांनी वर तांब्याभर पाणी ओतलं आणि ते कुठून कसं वाहतं ते वाकून पाहिलं.

"काकू, तुमच्यासारखी चार गिऱ्हाइकं आली तर दुकान धुवायला वेगळा माणूस लागणार नाही," तो म्हणाला.

काकूंनी लेप निवडला. पाणी कुठे अडायला नको, पत्र्याला हवा लागायला नको, एकदा मारला की झालं. त्यासाठी आधी जुना टब काढून हौदा घासून घ्यावा लागणार होता. दुकानदारानं बोल्ट काढले, आणि दोघांनी मिळून टब उचलून बाहेर ठेवला.

साचलेल्या पाण्यानं पांढऱ्या रंगाचे पोपडे निघाले होते, आणि त्याखाली हौदा निळा होता.

काकू बघतच राहिल्या. "माझी गाडी तर पांढरी आहे."

दुकानदार हौद्यात चढला. पुढच्या बाजूला, केबिनच्या मागे हातभर अंतरावर, पत्र्यात एक चौकोनी ठिगळ होतं, वरची पुट्टी गळून उघडं पडलेलं. चारी बाजूंनी वेल्डिंग केलेलं. त्यानं बोटानं ठोकलं, पायानं दाबलं, आणि गाडी दुकानामागच्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घ्यायला सांगितली. खाली चासीवर डांबरासारखा काळा लेप जाड थापलेला होता. ठिगळाच्या बरोबर खाली त्यानं तो पटाशीनं खरवडला. एका बाजूला. मग दुसऱ्या बाजूला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच गेलं होतं.

"काकू, किल्ली द्या."

"का?"

"आधी द्या. ही गाडी मी इथून हलवू देणार नाही." त्यानं हात पुसले. "या दोन गाड्या आहेत. अपघातात मागून चेपलेली एक आणि पुढून चेपलेली एक. दोन्ही मधोमध कापून चांगले अर्धे जोडलेत. आणि डाव्या बाजूच्या जोडाला चीर पडलीये. नखाएवढी. पण पडलीये."

परवाच मागच्या हौद्यात नऊ बाया बसल्या होत्या. शाळेच्या मैदानात रोपं लावायला निघालेल्या, गप्पा मारत, एकमेकींच्या मांडीवर रोपं ठेवून. उतारावर काकूंनी त्यांना वळून ओरडून सांगितलं होतं, "धरून बसा गं, नाहीतर कुंडीसारख्या घसराल!" आणि सगळ्या खिदळल्या होत्या. ते हसणं आता कानात घुमायला लागलं तसं त्या खड्ड्याच्या कडेवरच बसल्या.

"जोडणारा हात मात्र पक्का आहे," दुकानदार खालून म्हणाला. "म्हणून तर तीन वर्षं टिकली. नाहीतर..."

"बघू मला," काकू म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून खड्ड्यात गेल्या.

काकूंचं लहानपण वेल्डिंगच्या शेडमध्ये गेलं होतं. वडील वेल्डर होते. सांडशीत तुकडा धरून उभं राहायचं काम या धाकटीचं असायचं. दुकानदारानं बॅटरीचा झोत टाकला. माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी रेघ, आणि शेवटी स्वल्पविरामासारखी मागे वळलेली लहानशी शेपटी. रेघ संपताना हात मागे फिरवायची ती लकब त्यांच्या वडिलांनी एकाच माणसाला शिकवली होती. रोपवाटिकेच्या फाटकावर तीच शेपटी होती. पाण्याच्या टाकीच्या स्टँडवर होती. त्यांच्या स्वतःच्या पलंगाच्या पायांवर होती.

त्यांनी त्या शेपटीवरून अंगठा फिरवला. दुकानदारानं वर आणून पाणी दिलं. किल्ली त्याच्या हातात ठेवून त्या निघाल्या.

दादाच्या शेडपर्यंत त्या चालत गेल्या. दुपारची वेळ होती. दादा एका खिडकीची जाळी जोडत होता. बहीण पायी आलेली पाहून त्यानं डोळ्यांवरचा काळा मुखवटा वर केला.

"गाडी कुठाय?"

"लायनरच्या दुकानात. टब काढला."

दादानं हातातली कांडी खाली ठेवली. नाकारायचा प्रयत्नही त्यानं केला नाही, आणि काकूंना त्याचाच सगळ्यात मोठा धक्का बसला. वाटभर त्या मनाशी म्हणत आल्या होत्या की दादा हसेल, म्हणेल, वेडी का तू, तसा जोड कुणीही मारतो.

"तूच जोडलीस?"

"हो."

"मला विकायला?"

"नाही गं! तुझी शपथ." तो स्टुलावर टेकला. "एक दलाल आणायचा अर्ध्या गाड्या. त्या वर्षी शेडमध्ये दुसरं कामच नव्हतं. मी जोडायचो, तो रंगवून न्यायचा. कुठे विकतो ते मी विचारलं नाही. मग एक दिवस तू पेढ्याचा पुडा घेऊन आलीस, दादा बघ मी गाडी घेतली म्हणून. मी बाहेर येऊन पाहिलं तर..."

"तेव्हा का नाही बोललास?"

"तू किती खूश होतीस. स्वतः निवडून आणली होतीस, अगदी चाकं मोजून. मला वाटलं, मी लक्ष ठेवीन. दर महिन्याला बघतच होतो ना?"

काकूंना आता कुठे कळलं, की ती ग्रीस लावायची सकाळ म्हणजे काय होतं. टब कशावर झाकण म्हणून घातला होता तेही कळलं. तीन वर्षं आपण ज्याला माया समजत होतो त्यात भीती किती आणि माया किती, हे त्यांना वेगळं काढता येईना.

"चीर पडलीये," त्या म्हणाल्या.

दादा ताडकन उठला. "मागच्या महिन्यात नव्हती!"

"या महिन्यात आहे. परवा मागे नऊ बाया होत्या." आणि मग त्यांच्या डोक्यात एकदम काहीतरी लख्ख झालं. "दादा, अशा किती केल्यास?"

त्यानं खाली ठेवलेली कांडी पुन्हा उचलली.

"किती?"

"सात. तुझी धरून."

"बाकीच्या सहांचे जोड दर महिन्याला कोण बघतं?"

या प्रश्नावर तो माणूस पन्नाशी उलटलेला असून लहान मुलासारखा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काकू त्याच्या पाठीला म्हणाल्या, "सदरा बदल. आपल्याला वाहन तपासणीच्या कचेरीत जायचंय. तू येत नसशील तर मी एकटी जाते. पण तू आलास तर बरं."

तो आला. कचेरीतल्या साहेबाला वाटलं, बाई भावाविरुद्ध तक्रार घेऊन आल्यात. दादा म्हणाला, "तक्रार माझी मीच द्यायला आलोय." साहेबानं पेन खाली ठेवलं आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. असं आजवर कुणी केलं नसावं.

दलालाकडच्या कागदांवरून पुढच्या दोन महिन्यांत पाच गाड्या सापडल्या. प्रत्येक वेळी ओळख पटवायला दादाला नेत, आणि प्रत्येक वेळी काकू सोबत जात. चार मालकांनी शिव्या घातल्या. त्या दादानं खाली मान घालून ऐकल्या. काकूंनीही ऐकल्या. एकानं तर विचारलं, "तुम्ही का उभ्या राहता हो यांच्याबरोबर?" काकू म्हणाल्या, "तो पळून जाऊ नये म्हणून." त्या हे चेष्टेत म्हणाल्या की खरंच, ते मला अजून कळलेलं नाही.

पाचवी गाडी रस्त्यावर नव्हती. वर्षभरापूर्वीच एका वळणावर ती मधोमध मोडली होती. भंगारात पडलेल्या तुकड्यावर दादाला आपली शेपटी दिसली. त्यानं आधी विचारलं, चालवणाऱ्याचं काय झालं? गाडी चालवणारा जगला होता. कुठे राहतो ते शोधत दोघं त्याच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं घर. तो दारातच खुर्चीवर बसला होता, एक पाय ताठ, शेजारी काठी. कोंबड्यांचं खाद्य पोचवायचा. गाडी मालकाची होती. पोती जास्त भरलीस आणि वळण वेगात घेतलंस, म्हणून मालकानं त्याला कामावरून काढलं होतं. त्याला स्वतःलाही तसंच वाटत होतं. "नशीब, मागे कुणी नव्हतं," तो आपणहून म्हणाला. "माझ्या चुकीनं कुणी मेलं असतं तर कसं जगलो असतो?"

दादानं त्याला सगळं सांगितलं. उभ्यानं, हात जोडून, एका दमात.

त्या माणसानं ऐकून घेतलं. काकू सांगतात, त्यांना वाटलं आता काठी उगारणार, आणि उगारली तर आपण मध्ये पडायचं नाही. पण त्यानं काठी उचललीच नाही. मग मान वळवून आत हाक मारली.

"अगं, बाहेर ये. लवकर ये. हे काय म्हणतायत ऐक." बायको ओले हात पुसत आली. "माझं चुकलं नव्हतं. ऐकलंस का? माझी चूकच नव्हती! परत सांगा हो तिला. पहिल्यापासून सांगा."

आणि दादाला ते सगळं पुन्हा, पहिल्यापासून, त्या बाईसमोर सांगावं लागलं. काकू म्हणतात, कोर्टात पुढे जे झालं ते याच्यापुढे काहीच नव्हतं.

कोर्टात खटला चालला. स्वतःहून पुढे आला म्हणून दादाला सौम्य शिक्षा झाली. भरपाईपायी शेड गेली. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात फाटकं आणि जिने बनवतो. गाडीच्या चासीला हात लावायचा नाही, असं त्याला कुणी बजावलेलं नाही. त्यानंच ठरवलंय. वहिनी वर्षभर काकूंशी बोलली नाही. मग एकदा गवती चहाचं रोप न्यायला आली आणि नुसतं एवढंच म्हणाली, "यांना आता झोप लागते." काकूंनी रोप दिलं, वर कढीपत्त्याचंही दिलं.

काकूंनी दुसरी गाडी घेतली ती दोन तास तिच्याखाली आडवं पडून बघितल्यावर. लायनरवाला तरुण म्हणाला, "आता तर लेप मारूनच टाकू, काकू." त्यांनी रबराची मॅट घेतली. जड आहे, दर रविवारी यजमानांना एक टोक धरावं लागतं, आणि ते कण्हतात, "शिलाई मशीनवर बसणाऱ्या माणसाची कंबर आहे ही." तरी धरतात. मॅट गुंडाळून काकू पत्रा कोरडा करतात, चारी कोपरे हातानं चाचपतात.

सातवी गाडी अजून सापडलेली नाही. तिचे कागद दलालाकडे नव्हते. दादाला एवढंच आठवतं की तिचा मागचा अर्धा भाग हिरवा होता, आणि त्याच्यावर रंग कुठला मारला ते त्यानं पाहिलं नव्हतं.