सरबताचं पाणी

लोहाऱ्याजवळच्या शाळेत मी वीस-बावीस वर्षं इतिहास शिकवतो. अरबस्तानात सुरू झालेला धर्म दख्खनपर्यंत कसा आला, हा माझा आवडता धडा. पोरांना वाटतं, तो फक्त घोड्यावर बसून आला. मग मी सांगतो की तो गलबतातून व्यापाऱ्यांबरोबर आला, फकिरांच्या झोळीतून आला, इराणातून आलेल्या गवंड्यांबरोबर, कारकुनांबरोबर आला. गुलबर्गा, बिदर, विजापूरच्या दरबारांत स्थिरावला आणि तिथून आपल्या शिवारात उतरला. करबलाच्या मैदानात प्रेषितांच्या नातवाचं आणि त्याच्या लेकराबाळांचं पाणी तोडलं गेलं, ती कथाही याच वाटेनं आमच्या गावात पोचली. म्हणून मोहरमच्या शेवटच्या दिवशी गावभर सरबत वाटतात, गूळ आणि बडीशेपेचं. हे सगळं मी पोरांना रंगवून सांगतो. सांगायला मी फार हुशार आहे.

त्या सरबताला पाणी आमच्या शेतातलं. हा मान आमच्या घराकडं कधी आला, कुणालाच ठाऊक नाही. वडील होते तोवर ते स्वतः घागरी भरून द्यायचे. भूकंपानंतर गाव नव्या जागी गेलं, विहीर जाऊन बोअर आला, तरी मान तसाच राहिला. सरबताच्या आदल्या दिवशी गावातल्या पिराची देखभाल करणारे म्हातारे मुजावर शेतात यायचे आणि घागरी न्यायला पोरं कधी पाठवू, एवढंच विचारून जायचे.

एका वर्षी मोहरम ऐन पावसाळ्यात आला आणि पाऊसच आला नाही. माझी डाळिंबाची बाग नवी होती. त्यात शाळेत एक सहकारी रोज डिवचायचा, "काय गुरुजी, औंदा बी पिराचं पाणी भरणार का?" बाकीचे हसायचे. मला त्या हसण्याचा वीट आला होता. दहा-बारा घागरींनी बाग वाळत नसते, हे मला तेव्हाही कळत होतं. पाण्याचं मी निमित्त केलं, झालं.

मुजावरचाचा आले तेव्हा मी लिंबाखाली बसलो होतो. ते म्हणाले, "गुरुजी, उद्या सकाळीच पाठवू का पोरं?"

"बोअर आटला, चाचा," मी म्हणालो. "चार दिवस झाले."

शेडच्या मागं हौदात पाणी पडत होतं. मोटार चालू आहे हे मी विसरलोच होतो. धार चांगली बोटभर जाड होती, तिचा आवाज दोघांनाही ऐकू येत होता. ते उन्हातून चालत आलेले, सत्तरीच्या पुढचे. दारी आलेल्या माणसाला कुणीही आधी पाणी विचारतं. मला तेही विचारता येईना.

चाचांनी रुमालानं मानेवरचा घाम पुसला. मग म्हणाले, "आसं व्हय. औंदा समद्यांचंच आटलंय. तुमी नगा जीव जाळू." आणि आल्या वाटेनं परत गेले.

दुसऱ्या दिवशी विकतचे जार आणून सरबत झालं. पाणी गुरुजींचं का नाही, असं कुणीतरी विचारलंच. चाचांनी सांगितलं, "त्येंचा बोअर आटला हो. न्हायतर त्ये मागं सरणारं घर न्हाय." मी गर्दीत मागं उभा होतो. सरबताचा पेला माझ्याही हातात आला आणि मी तो प्यालो. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या वर्षी मी न बोलवता पाणी पोचवलं. चाचांनी नेहमीसारखं हसून ते घेतलं. सगळं सांगून टाकायचं ठरवून गेलो होतो, पण आजूबाजूला माणसं होती. पुन्हा केव्हातरी सांगू म्हटलं. त्या थंडीत चाचा वारले.

आता त्यांची नात माझ्या वर्गात आहे. यंदा मी पोरांना आपल्या गावातली एखादी जुनी परंपरा लिहून आणायला सांगितलं होतं. तिनं चार पानं लिहिली. विजापूर, करबला, सगळं माझ्याच शब्दांत. शेवटी लिहिलं होतं: 'आमच्या पिराच्या सरबताला पिढ्यान्‌पिढ्या गुरुजींच्या शेतातले पाणी असते. फक्त एका वर्षी त्यांचा बोअर आटला होता. तेव्हा गुरुजींना फार वाईट वाटले, असे माझे आजोबा सांगत.'

मी लाल पेन उघडलं. खरं काय ते जाणणारा आता मी एकटाच होतो. तिच्या विजापूरच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मी नीट दुरुस्त केल्या आणि त्या वाक्यापुढं बरोबरची खूण केली.

सर्वांत चांगली वही तिचीच होती, म्हणून दुसऱ्या दिवशी तिनं ती वर्गापुढं वाचली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.