मावसोबांची उमेदवार-गणती

कुठल्या धंद्यात किती उमेदवार हाताखाली शिकताहेत हे सरकारला ठाऊक नसेल, पण आमच्या मावसोबांना नक्की ठाऊक असायचं. ठाण्याला नौपाड्यात त्यांचं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. देश कसा चाललाय हे लोक वर्तमानपत्रात बघत, मावसोबा शिंप्याच्या ओट्यावर बघत. कुठेही गेले की पहिला प्रश्न, "उमेदवार किती?" सोनाराकडे दोन, छापखान्यात चार, शहाडच्या नव्या कारखान्यात तर मोजता मोजता त्यांची जेवायची वेळ टळली. खडवलीला बारशाला गेले, ते पाळण्याकडे न फिरकता थेट सुताराकडे. मावशी म्हणाली, "अहो, निदान बाळाचं नाव तरी विचारा!"

गणती झाली की हमखास उदास व्हायचे. "लेथवर रांग लागलीय रे, आणि आमच्यात शून्य. माझ्यामागे ठाण्यातल्या पेट्या बेसूरच वाजायच्या." आलेला प्रत्येक उमेदवार त्यांनी स्वतःच पळवला होता, ही गोष्ट वेगळी. त्यांचा रिवाजच तसा: वर्षभर नुसता भाता पुसायचा, कानशीला हात लावायचा नाही. कोण थांबणार हो?

हे रडगाणं चालू असताना शेजारी त्यांची लेक सुमन पेटीतल्या पितळी पट्ट्या, म्हणजे सूर, घासत बसलेली असायची. पण ती पडली मुलगी, घरचं माणूस. ती गणतीत कशी येणार? त्यातून मावसोबांच्या कानांनी दगा दिलेला. ते पेटी सुरात लावून जेवायला गेले की सुमन ती गुपचूप पुन्हा लावायची. घरात सगळ्यांना माहीत होतं, सांगायची छाती कुणाचीच नव्हती. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा.

पुढे सुमनचं कल्याणला लग्न ठरलं. खरेदीच्या गडबडीत तिचं दुकानात येणं बंद झालं आणि आठवड्याच्या आत एक कीर्तनकार पेटी घेऊन परत आले. "अहो, पंचम उतरलाय." मावसोबांच्या दुकानातून गेलेली पेटी कधी परत आली नव्हती. ती उचलून ते घरी आले आणि सुमनपुढे ठेवली. तिनं सूर काढला, दोनदा कानस फिरवली, बसवला. मावसोबा तिच्या हातांकडे बघत राहिले.

"कधीपासून गं?"

"बरेच दिवस झाले, बाबा."

लग्नात रुखवत मांडलं, तेव्हा लाडू-करंज्यांच्या ताटांमध्ये मावसोबांनी आपल्या हातानं कानशी, पकड आणि सुरांचा डबा मांडून ठेवला. विहीणबाई चकित. "हे हो काय?"

"माझा धंदा," मावसोबा म्हणाले. "मी तिला शिकवला नाही. तिनंच घेतला. आता तो तिच्याकडेच राहू द्या, एवढं मागतो."

विहीणबाईंनी कानस उचलून पाहिली. मग सुमनला म्हणाल्या, "आमच्या माडीवर एक पेटी बंद पडून आहे. आल्याबरोबर तीच उघड बाई."

मावसोबांना ते ऐकूच गेलं नाही. ती हे घेईल की नाही, या धास्तीनं ते सुमनच्या तोंडाकडे बघत होते. ती हसली, तेव्हा कुठे त्यांनी डोळे पुसले.