पोटावरचे डाग

पेणजवळच्या त्या गावात ठमाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. खुद्द तिचा नवरा येसाजीसुद्धा निमूट जेवायचा आणि भाताच्या गिरणीवर हमालीला जायचा. बारा वर्षं त्यानं तिथं पोती वाहिली. एकोणीसशे चौतीस साली पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली आणि संध्याकाळच्या आत माणूस गेला.

कामावर मेलेल्याची भरपाई द्यायचा कायदा होता. पण गिरणीचा डॉक्टर म्हणाला, हिवतापानं येसाजीची पानथरी, म्हणजे प्लीहा, आधीच वाढलेली होती, ती फुटली. निरोगी माणूस वाचला असता. घ्या! मेलेल्याच्याच माथी खापर!

ठमाबाई पेटली. "माझा धनी दुखण्यानं न्हाय, तुमच्या पोत्यांखाली मेला. सरकारी साहेबाकडनं तसं लिहून घेईन, तवाच गप बसेन."

सुनावणी अलिबागला, भरपाईचे निवाडे करणाऱ्या साहेबांपुढं लागली. गिरणीच्या मुकादमानं, चांगदेवानं, शपथेवर सांगितलं, "येसाजीनं दुखणं लपवलं, साहेब. ठाऊक असतं तर कामावर घेतलाच नसता."

"लपवलं?" ठमाबाई ताडकन उठली. "ल्हानपनी पानथरी वाढली तवा आयशीनं सळई तापवून त्याच्या पोटाला डाग दिले. चांगले रुपयाएवढे तीन! उघड्या अंगानं पोती वाहायचा तो, तुझ्या डोळ्यांदेखत. बारा वर्षं दिसले न्हाईत व्हय?"

तिनं गावचे पाच हमाल सोबत आणले होते. त्यांच्याकडं वळून ती म्हणाली, "दाखवा रं!"

सदरे वर झाले. पाचातल्या चौघांच्या पोटांवर तसेच काळे डाग.

"हे उद्या थप्पीखाली मेले, तर हे बी पानथरीनंच मेले म्हणाल? आन् तू रं चांगदेवा? तू बी हमालीतनंच वर आलास. कर सदरा वर!"

"साहेब, हा काय तमाशा आहे!" गिरणीचा वकील ओरडला. साहेबांनी त्याला हातानंच गप्प केलं. चांगदेवानं सदरा उचलला. दोन डाग होते.

साहेबांनी लिहिलं, पानथरी असूनही येसाजी बारा वर्षं पुरं काम करत होता. त्याचा जीव थप्पीनं घेतला. भरपाई पूर्ण द्यावी.

पुढं गिरणीत नवा हमाल लागला, की ठमाबाई कमरेवर हात ठेवून फाटकाशी उभी राहायची आणि मुकादमाला ऐकू जाईल असं ओरडायची, "पोट आत्ताच बघून घे रं चांगदेवा! मेल्यावर डाग मोजू नगंस."