चिंचेनं घासलेली झांज

हिंदी मुलखातलं राज्य नवीन, राजधानी नवीन, आणि आमच्या संस्कृती खात्यात सगळ्यांत नवीन मी. तीही कंत्राटी. साहेबांनी नुसती भुवई उचलली तरी मी खुर्चीवरून उठून उभी राहायची. त्या वर्षी संगीत महोत्सवाला एक फार नामवंत जॅझ ड्रमर आले. साहेबांनी त्या पाहुण्यांची ड्रमच्या झांजांची कातडी पिशवी माझ्या हातात दिली. "मॅडम, इसे घर ले जाइए, ऑफिस के ताले का भरोसा नहीं." मी ती तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी आणली.

अन् सकाळी उघडून पाहिली. काय गरज होती? पण नाही, माझा स्वभावच तसा. आत दोन झांजा बऱ्या होत्या. तिसरी परातीएवढी मोठी, ती मात्र काळीठिक्कर, मधेमधे हिरवट, कडेला बोटांचे डाग.

आई डोकावली. "अवं, येवढा मोठा माणूस अन् पितळ असं? याच्या घरी कोणी बाई नाही का?"

मला त्या माणसाची दयाच आली. आणि खोटं काहून बोलू, लालूचही होती. साहेबांना दिसेल, पोट्टी कामाची आहे. मग चिंच भिजवली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, आणि आम्ही मायलेकी नळाशी बसून देवाची भांडी घासतात तशी ती झांज घासत राहिलो. हात भरून आले. पण लख्ख! आईनं तिच्यात पाहून कुंकू सारखं केलं.

दुपारी तेलीबांधा तलावाकडच्या महोत्सवाच्या मंडपात पोचले. माइकवाला नागपूरचा, आपलाच माणूस. त्यानं पिशवी उघडली आणि खालीच बसला.

"मॅडम, हे कोणी केलं?"

"मी. काहून?"

"अवं बाई, पंचवीस वर्षं त्यायनं हिले पाणी लागू नाही देलं! तो काळा थरच तर जपून राहिले होते. त्याच्यानंच आवाज दबका होता, वाजला की लगेच विरत जाये. लोकं हाच आवाज ऐकाले येतात त्यायचा. आता शाळेच्या घंटीसारखी ठणठणंल."

करायला गेले गणपती अन् झाला मारुती! ताप आला सांगून घरी पळावं का? झाडूवाल्या बाईनं घासली म्हणून सांगावं का? हो, हाही विचार आला, लाज वाटते पण आला. नोकरी तर गेलीच होती. वर उद्या पेपरात येणार, की नव्या राज्यानं पाहुण्याची झांज बिघडवली.

चार वाजता ड्रमर आले. उंच, सडपातळ, केस पांढरे. झांज स्टँडवर चढवली, मग तिच्या कडेवरून बोट फिरवलं. काडीनं एकदाच ठोकलं. टण्ण झालं, आणि ते थांबेचना. त्यांनी तळवा ठेवून आवाज बंद केला.

"किसने साफ की?"

साहेबांची छाती फुगली. "हमारी मॅडम ने, सर! अपने हाथों से!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे. आता ओरडतील, आता ओरडतील.

"बहुत मेहनत की आपने," ते म्हणाले. एवढंच. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

संध्याकाळी मंडप भरला. त्यांनी वाजवायला घेतलं आणि लोक डोलायला लागले. मी मात्र जीव मुठीत धरून त्यांचा उजवा हात पाहत होते. रंगात आले की तो हात सवयीनं त्या मोठ्या झांजेकडे जायचा. आता आदळणार म्हणून मी डोळे मिटायची. हात हवेतच थांबायचा आणि वळून छोट्या झांजेवर यायचा. सबंध कार्यक्रमात त्यांनी तिला एकदाही हात लावला नाही. साहेब माझ्याकडे झुकून म्हणाले, "देखिए मॅडम, लाइट में क्या चमक रही है!"

कार्यक्रम संपल्यावर ते एकटेच सामान आवरत होते. मी त्यांच्याजवळ गेले.

"सर, मुझे मालूम नहीं था. माफ कर दीजिए."

"जानता हूँ, दीदी." त्यांनी झांज फडक्यात गुंडाळली, हळूच, दुखऱ्या माणसाला पांघरूण घालावं तशी.

माझी भीती काही जाईना. मूर्खासारखं विचारलं, "फिर से वैसी हो जाएगी ना?"

"हो जाएगी. बजाते-बजाते हो जाती है. पच्चीस साल लगे थे." पिशवीची चेन लावून त्यांनी वर पाहिलं आणि हसले. "मैं बहत्तर का हूँ."