रामकिशनचे तीन लिटर

प्रज्ञा सोनकांबळेला राग पटकन येतो, हे नांदेडच्या तिच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक. पण लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तिला आलेला राग अजून उतरलेला नाही. कारण त्यातला निम्मा स्वतःवरच होता.

ती मूळची उदगीरची. वडील रेल्वेत गँगमन, आजी केवळाबाई दुसऱ्यांच्या रानात राबायची. प्रज्ञा शिकली, डॉक्टर झाली आणि विषाणूंच्या मागे लागली. किडनी बदललेल्या माणसाला नवी किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. शरीराचा पहारा असा ढिला पडला की वर्षानुवर्षं निपचित पडलेला विषाणू डोकं वर काढतो आणि त्याच किडनीला कुरतडतो. तो वेळेत सापडला तर गोळी कमी करून किडनी वाचवता येते. म्हणून दर महिन्याला बर्फाची पेटी घेऊन ती एस.टी.नं पेशंटांच्या घरी जायची आणि प्रयोगशाळेच्या अभ्यासासाठी रक्त-लघवीचे नमुने आणायची.

उदगीरचा तिचा पेशंट रामकिशन. त्याला किडनी दिली त्याच्या आईनं, नागुबाईनं. आता मायलेकांकडे एकेकच उरली होती. रामकिशनला रोज तीन लिटर पाणी पाजा, असं प्रज्ञानं बजावून ठेवलं होतं. गल्लीत टँकर यायचा आठ दिवसांनी, माणशी मोजून घागरी. चौकात मात्र 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'चे फलक, आणि त्या सभेसाठी मैदानात धूळ उडू नये म्हणून टँकरनं पाणी मारलेलं! ते पाहून प्रज्ञाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पण नागुबाईच्या घरात शिरलं की ती निवायची. नागुबाई तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या द्यायची. याच घराच्या उंबऱ्याबाहेर एके काळी केवळाबाई ओंजळ धरून बसायची आणि नागुबाईची सासू वरून पाणी ओतायची. तो तांब्या प्रज्ञा कधीच नाकारायची नाही. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायची.

"तुम्ही घ्या ना, मावशी."

"माझा उपास हाय, माय. निर्जळी."

लोकांच्या देवाधर्मात आपण पडू नये, अशी वडिलांची शिकवण. प्रज्ञा नमुने घ्यायला लागायची.

एप्रिलमध्ये ती आनंदात आली. रामकिशनचा विषाणू जवळजवळ गेला होता. तिनं तांब्या रिकामा केला. तो घेऊन नागुबाई उठली आणि चौकट धरून मटकन खाली बसली. प्रज्ञानं तिच्या मनगटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली; अंगातलं पाणी आटलं होतं.

"आज कसला उपास?"

"सोमवार."

"मागच्या वेळी गुरुवार होता. त्याच्या आधी शनिवार. खरं सांगा, मावशी."

नागुबाई खाली बघत म्हणाली, "त्याचे तीन लिटर भरायचे तर कुणाचं तरी कमी व्हणार की. आन तुमी आल्याव की तांब्या द्यावाच लागतो. तुमच्या आजीला आमच्या सासूनं वरून वतलेलं म्या डोळ्यानं बघितलंय. तुमाला न्हाई कसं म्हणू?"

रामकिशन भिंतीला टेकून रडायला लागला. प्रज्ञाला रडूही येईना. आपण सन्मान म्हणून जे प्यायलो ते या बाईच्या दिवसभराचं पाणी होतं, हे कळून तिला तो तांब्या भिंतीवर फेकून मारावासा वाटला. सासूवर, टँकरवाल्यांवर, नव्या जिल्ह्याच्या फलकांवर, आणि सहा महिने समोर बसूनही काही न दिसलेल्या आपल्या डोळ्यांवर तिचा संताप झाला. तिनं नागुबाईचं रक्त घेतलं, रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं आणि सलाईन लावून घेतलं. उरलेली किडनी निम्मीही चालत नव्हती. पुढं ती थोडी सुधारली, पूर्ण नाही.

नांदेडला प्रयोगशाळेचे प्रमुख सर म्हणाले, "वाईट झालं. पण किडनी देणारा माणूस आपल्या अभ्यासात येत नाही. तुम्ही विषाणूचं लिहा. निकाल उत्तम आहेत."

मे महिन्यात ती पाण्याचा कॅन नांदेडहून एस.टी.त वाहून घेऊन गेली. तोच तांब्या भरला आणि नागुबाईपुढं धरला.

"आधी तुम्ही. मी बघतेय."

"आज सोमवार हाय, माय."

"असू द्या."

नागुबाई हळूहळू सगळं प्यायली. मग प्रज्ञानं रामकिशनचा अभ्यासाचा फॉर्म काढला. 'रोज किती पाणी पितो?' या प्रश्नापुढं दर महिन्याला तिच्याच अक्षरात 'तीन लिटर' लिहिलेलं होतं. त्याखाली तिनं पेननं नवा प्रश्न घातला: 'त्यासाठी घरात कोण पीत नाही?'

सरांनी तो खोडला. तिनं तो सगळ्या पेशंटांच्या फॉर्मांवर लिहून काढला.