लायटरवर तपासलेली यंत्रं

सुपरवायझरने लायटर माझ्या नाकाखाली धरला. पेटवला नाही. नुसता खटका दाबून गॅस सोडला.

"जंगलातली ना तू? हुंग. हुंगून सांग किती टक्के गॅस आहे."

टेबलावरच्या सगळ्या जणी हसल्या. पेठच्या आदिवासी भागातून माझ्याबरोबर आलेली, माझ्या गावची बाईही हसली. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आज सगळ्यात जास्त चीड येते.

सिन्नरच्या या कारखान्यात आम्ही कोळशाच्या खाणीसाठी एक यंत्र बनवतो. तळहाताएवढं. कामगार ते कमरेला लावून खाली उतरतो. कोळशाच्या थरातून मिथेन सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. साठला आणि ठिणगी पडली की संपलं. म्हणून गॅस वाढला की हे यंत्र ओरडतं. माझं काम शेवटचं. टेस्टच्या सिलिंडरमधला गॅस यंत्राला द्यायचा, आकडा बरोबर आला की 'तपासले' असा स्टिकर लावायचा. त्यावर माझी सही.

त्या दिवशी सिलिंडर संपलं होतं आणि मालाची गाडी दारात उभी. सुपरवायझर म्हणाला, लायटर वापरा. लायटरवर यंत्र ओरडतं खरं, पण त्या झोताने आतला सेन्सर मरतो. मग खाणीत गॅस वाढला तरी ते गप्प राहू शकतं. पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट. मी तेवढंच बोलले, म्हणून त्याने मला हुंगायला लावलं.

आणि मी मुकाट्याने लायटर घेतला. यंत्र ओरडलं की स्टिकर. ओरडलं की सही. पोटासाठी केलं म्हणून ते धुऊन निघत नाही. संध्याकाळी त्या यंत्रांची पेटी गाडीतून गेली.

माझा नवरा चंद्रपूरकडच्या खाणीत ठेकेदाराकडे आहे. रविवारी फोनवर त्याला विचारलं, खाली भीती नाही वाटत?

"कशाची भीती? कमरेला मशीन हाय ना. ते वाजत नाय तवर आमी पुढं जातो."

मशीनवर सही कोणाची आहे ते बघ, म्हटलं. तो म्हणाला, मशीन रोज वेगळं मिळतं, वर आलो की जमा. मग मी सगळं सांगून टाकलं. खाली जाऊ नको म्हणून रडले.

"नाय गेलो तर नाव काटतील," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

सोमवारी टेबलावर नवी पेटी होती. शेजारी तोच लायटर. मी तो उचलून सुपरवायझरच्या हातात दिला.

"मी सही करणार नाही."

"सही शिकलीस तर माज आला? तुझी सही बघतो कोण?"

"खाली उतरतो तो."

त्याने मला गेटबाहेर काढलं. वळून पाहिलं तर लायटर माझ्या गावच्या बाईच्या हातात होता. तिची मान खाली होती.

आता भाड्याच्या खोलीत बसून अर्ज लिहिते आहे. एक खाणवाल्यांना, एक खाणीची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी कचेरीला. सकाळपासून नवऱ्याचा फोन लागत नाही. तो खाली खाणीत असणार. अक्षर वेडंवाकडं येतं. येऊ दे. मला काय हुंगायला लावलं ते नंतर लिहीन. माझ्यावर गुन्हा दाखल होईल, होऊ दे. पहिली ओळ ही: ती यंत्रं मी लायटरवर तपासली, सही माझी आहे, त्यांच्या भरवशावर कोणाला खाली पाठवू नका.